दारातलं बोलणं

२ मार्च, सोमवार

आज माझ्या खोलीत संवेदना बसवली!

म्हणजे सेन्सर. पेशंटना वाचायला दिलेल्या कागदावर कुणा पंडिताने 'संवेदक' असा शब्द घातलाय. पहिल्याच आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून मोठ्यांदा वाचलं, 'डॉक्टरांच्या खोलीत संवेदना बसवण्यात आली आहे.' मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आत्ता बसवली होय? आणि इतके दिवस?" सिस्टर हसून हसून भिंतीला टेकली. मीही हसले.

प्रकार असा आहे. विद्यापीठातून एक पोरगी आली आहे. पेशंट समोर असताना डॉक्टर कॉम्प्युटरकडे किती बघतात, ते तिला मोजायचंय. स्क्रीनच्या डोक्यावर एक काळी पट्टी — माझं तोंड कुठे वळलंय ते बघणार. टेबलाखाली एक डबी — कोण बोलतंय, किती वेळ बोलतंय ते टिपणार. शब्द नाही, नुसता आवाज. आणि तिसरं काहीतरी कॉम्प्युटरच्या पोटात घातलंय, माऊस किती हलला आणि बटणं किती दाबली ते मोजायला. पोरीचं नाव मी मनात संवेदना ठेवून टाकलं.

सगळ्या डॉक्टरांनी कुरकुर केली. मी केली नाही. सगळ्यात आधी सही केली. चोराच्या मनात चांदणं! नाही म्हटलं असतं तर कुणीतरी 'का' विचारलं असतं.

कारण मला ऐकू येत नाही.

लिहिलं एकदाचं. डावा कान गेल्यात जमा, उजवा अर्धामुर्धा. दोन वर्षं होऊन गेली. कुणाला माहीत नाही. नवऱ्याला नाही, सिस्टरला नाही, कुणालाच नाही. आता त्या डबीला कळणार — कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं.

३ मार्च, मंगळवार

कसं निभावते ते लिहून ठेवते. खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा अभिमानच आहे.

मी ऐकत नाही, बघते. पेशंटची खुर्ची माझ्या अगदी समोर, उजेड त्याच्या तोंडावर. पंखा बंद, दार बंद. तो बोलत असेपर्यंत मी किबोर्डला हात लावत नाही — लावला तर ओठ सुटतात. सगळं डोक्यात साठवते. तो उठला की कॉम्प्युटरकडे वळते आणि विसरायच्या आत धडाधड उतरवते. खोकल्याचा पेशंट तोंडाला मास्क लावून आला की म्हणते, 'काढा बघू, घसा बघायचाय.' घसा बघून झाला तरी परत लावू देत नाही!

गोची होते ती प, ब आणि मची. तिन्ही ओठ मिटून निघतात, दिसायला सख्खी भावंडं. मागे एक गवंडी आला. मला दिसलं 'पोट दुखतंय.' झोपवला टेबलावर, सगळं पोट चाचपलं. दाबल्यावर दुखतं? नाही. इथे? नाही. मग कुठे दुखतंय तरी कुठे? तेव्हा त्याने सुजलेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं! मी काय करणार? गंभीर चेहऱ्याने म्हणाले, 'बोटाचं मूळ कधीकधी पोटात असतं.' तो बिचारा बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत सुटला, 'बोट दाखवायला गेलो तर बाईंनी पोटसुद्धा तपासलं, असा डॉक्टर मिळणार नाही.'

तेव्हापासून मी प्रत्येकाला म्हणते, 'हात लावून दाखवा.'

५ मार्च, गुरुवार

दिवसभर ताठ बसून पाठ धरली. ती काळी पट्टी सासूसारखी बघत असते.

९ मार्च, सोमवार

नवरा रागावला. तो स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होता, मी बाहेर पेपर वाचत होते. शेवटी समोर येऊन उभा राहिला. "भिंतीशी बोललो असतो तर तिने तरी उत्तर दिलं असतं." मी म्हणाले, "ऐकलं मी. विचार करत होते." काय विचारलं होतं देव जाणे. अंदाजाने 'हो' म्हणाले. तर पोळ्यांचं पीठ दुप्पट भिजवलं त्याने! पाहुणे येणार का, असं विचारलं होतं वाटतं.

त्याला वाटतं मी दुर्लक्ष करते. वाटू दे. दुर्लक्ष करते म्हटलेलं मला चालतं, बहिरी म्हटलेलं चालत नाही. आई बहिरी झाली तेव्हा घरात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी सगळे ओरडून बोलायचे. मग ओरडायचा कंटाळा आला. मग तिने 'काय गं, काय म्हणाला तो?' विचारलं की उत्तर ठरलेलं — 'काही नाही, जाऊ दे.' माणूस घरात असून घराबाहेर! तिचं शेवटचं वर्ष आम्ही 'जाऊ दे, जाऊ दे' करत घालवलं. मला कुणी 'जाऊ दे' म्हणायला नको आहे.

आणि दवाखान्यात तर काय, बहिऱ्या डॉक्टरला कोण ठेवून घेईल? झाकली मूठ आहे तोवर आहे.

१२ मार्च, गुरुवार

कहर झाला.

संवेदना लॅपटॉप घेऊन आली. गाल लाल झालेले. मी म्हटलं संपलं, सापडले. तर ती म्हणते, "मॅडम, असं मी अजून कुठेच पाहिलं नाही." बाकीचे डॉक्टर म्हणे अर्धा वेळ स्क्रीनकडे बघतात. एक तर पेशंटला तोंडच दाखवत नाही, नुसती टाईप करत विचारते, 'आणखी?' आणि मी! पेशंट बोलत असताना माझं तोंड सतत त्याच्याकडे. मधे बोलून तोडणं जवळपास नाहीच. (तोडणार कशी? वाक्य पुरं झाल्याशिवाय अर्थ लागत नाही!) "तुम्ही हे कसं साधलंत मॅडम?" मी म्हणाले, "सवय."

ती गेल्यावर एकटी बसून हसले. मग हसू थांबलं. लोकांना वाटतं मी मायेने बघते. मी तर बुडणाऱ्याने काठाकडे बघावं तशी बघते.

१३ मार्च, शुक्रवार

बातमी साहेबांपर्यंत पोचली. साहेब म्हणजे आमचे प्रमुख — वयाने माझ्याहून लहान, हुद्द्याने मोठे, मिशीला धरून बोलतात. मला मिशा अजिबात आवडत नाहीत, ओठ झाकतात. त्यांच्या बोलण्यातलं मला निम्मंच कळतं. 'सभागृह', 'सगळे डॉक्टर', 'तुमचं व्याख्यान' एवढं कळलं. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर सिस्टरला विचारलं, साहेब नक्की कधी म्हणाले गं? ती म्हणाली, पुढच्या महिन्यात, आणि भाषणानंतर प्रश्नोत्तरं.

प्रश्नोत्तरं! मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारणार, 'मॅडम, पेशंटचं ऐकून घ्यायला वेळ कसा काढता?' आणि मी म्हणणार, 'हात लावून दाखवा.'

१७ मार्च, मंगळवार

साहेबांनी शिकाऊ डॉक्टरांची तुकडी खोलीत पाठवली. 'मॅडमकडून शिका.' तिघी पोरी आणि एक उंच पोरगा, भिंतीला ओळीने उभे. मला चेव आला. बोलायला मला आवडतं, बोलताना ऐकावं लागत नाही.

त्यांना माझ्या जुन्या सरांचं वाक्य सांगितलं. सर म्हणायचे, 'पेशंट खुर्चीत बसून सांगतो ती तक्रार. निघताना दारात थबकून सांगतो ते दुखणं.' अगदी खरं आहे. माणूस आत येतो तो गुडघा घेऊन. गुडघ्यावर बोलतो, औषध घेतो, उठतो. मग दाराच्या कडीवर हात ठेवून, पाठमोरा, सहज आठवल्यासारखं म्हणतो, 'डॉक्टर, एक विचारायचं राहिलं...' आणि खरी गोष्ट तिथे बाहेर पडते. छातीत गाठ. थुंकीत रक्त. घरात मारहाण. पाठ वळली की भीड मोडते. म्हणून म्हटलं, पेशंट दाराबाहेर जाईपर्यंत तपासणी संपली असं समजू नका. पोरींनी लिहून घेतलं.

छान झालं आज. पोटभर जिलब्या खाल्ल्यासारखं वाटलं.

१९ मार्च, गुरुवार

संवेदनाने तक्ते दाखवले. पेशंटगणिक एक आडवी पट्टी. हिरवा रंग पेशंटच्या बोलण्याचा, निळा माझ्या. हिरवा, निळा, हिरवा, निळा — सुरेख, दोघांनी मिळून विणल्यासारखं. ती कौतुक करत होती आणि मी तिच्या ओठांकडे बघत होते.

मग ती म्हणाली, "एकच गोष्ट मला समजली नाही, मॅडम." पट्टीच्या शेवटाला बोट लावलं. तिथे हिरवा तुकडा होता. त्यापुढे काहीच नाही. पुढच्या पट्टीवर बोट. हिरवा तुकडा, पुढे काही नाही. "पेशंट उठून दाराशी जातात, तिथून काहीतरी बोलतात. तुम्ही तेव्हा टाईप करत असता. आणि उत्तर देत नाही. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण पुष्कळांच्या." आणि मग, लाजत, "बाय-बाय म्हणत असतील ना?"

माझं कॉम्प्युटरचं टेबल दाराच्या उलट भिंतीला आहे.

मी दाराकडे पाठ करून बसते. पेशंट उठला की बसते. दोन वर्षं बसते आहे. परवाच त्या पोरांना छाती पुढे काढून शिकवलं, आणि माझ्या दारात उभं राहून माणसं बोलत होती, मी खटाखटा टाईप करत होते. माझ्या पाठीशी बोलत होती!

काही तुकडे बारीक आहेत, 'येतो' म्हणण्याएवढे. काही मोठे आहेत. एक तर फार मोठा. मी विचारलं, ही कितवी पट्टी? दहा तारखेची, शेवटची. दहा तारखेच्या शेवटच्या म्हणजे शिवणवाल्या बाई. पडदे, गाद्यांच्या खोळी, शाळेचे गणवेश शिवतात. ब्लडप्रेशरसाठी वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. मितभाषी. चार शब्द बोलल्या तर पाचव्याला थांबणाऱ्या. त्यांनी दारात उभं राहून इतकं काय सांगितलं? शब्द डबीत नाहीत. डबीत नुसता आवाज.

२० मार्च, शुक्रवार

रजा घेतली. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नाही. सुन्न झालंय.

२१ मार्च, शनिवार

नवऱ्याला सांगितलं.

जेवण झाल्यावर समोर बसवलं आणि सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. लपवलं म्हणून, फसवलं म्हणून. तो चिडला नाही. मग म्हणाला — त्याचे ओठ थरथरत होते, मला दोनदा बघावं लागलं — "म्हणजे तू माझ्यावर रागावलेली नव्हतीस?"

मी म्हणाले, रागावेन कशाला?

"अगं दोन वर्षं मी माझी चूक शोधतोय!"

सकाळी निघताना दारातून काही म्हणावं तर ही उत्तर देत नाही. झोपताना काही बोलावं तर कूस बदलते. त्याने म्हणे आमचे सगळे जुने तंटे एकेक करून आठवले. कुठला माझ्या मनात राहिला असेल? बहिणीच्या घराचा? गच्चीवरच्या खोलीचा? एकदा तर नुसतीच माफी मागितली होती, कशाबद्दल ते न सांगता. मी पाठमोरी होते. तेही मी ऐकलं नव्हतं.

दोघंही रडलो. मग तो एकदम ओरडून बोलायला लागला आणि मी म्हणाले, अहो, ओरडू नका, ओठ वेडेवाकडे होतात. तेव्हा हसलो. किती सोपं होतं सांगणं! मी मूर्ख आहे. लिहून ठेवते, मूर्ख आहे.

२३ मार्च, सोमवार

संवेदनाला सांगितलं. माझ्या पेशंटच्या सगळ्या पट्ट्या हव्या होत्या, आणि कारण न सांगता ती देणार नाही, नियम आहे. ऐकून तिने लॅपटॉप उघडला, मिटला. म्हणाली, "मी तुमच्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय, मॅडम." बिचारी! तिचा आदर्श डॉक्टर म्हणजे एक बहिरी बाई. पण मग खुर्ची माझ्यासमोर ओढून बसली, केस कानामागे सारले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "कुठल्या दिवसापासून बघायचं?"

मग सिस्टरला सांगितलं. तिने फक्त मान हलवली. "बरं मॅडम. कोणाकोणाला फोन करू?" एवढंच! मला वाटलं हिला नीट समजलंच नाही. परत सांगितलं. "समजलं मॅडम. नंबर द्या."

मोठ्या तुकड्यांचे पेशंट आधी. 'औषधाबद्दल एक विचारायचं राहिलं, जरा येऊन जा' असं सांगायचं ठरलं. शिवणवाल्या बाईंचा फोन बंद आहे.

२५ मार्च, बुधवार

दोन दिवस माणसं येतायत. प्रत्येकाला एकच प्रश्न — त्या दिवशी दारात काय म्हणाला होता? आणि प्रत्येक जण आरोपी असल्यासारखा दचकतो.

पानटपरीवाला: "छत्री राहिली का विचारलं."

शाळेतल्या बाई: "तुमचा रंग खुलून दिसतोय म्हटलं होतं. काही बोलला नाहीत. मी म्हटलं, डॉक्टरांना आवडत नसेल."

एक आजी: "जावयाच्या नोकरीचं बोलले. तुम्ही काय करणार म्हणा त्यात!" पण पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मी बघत बसले.

दुपारी कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर आला. माझ्याकडे येतो कंबरेसाठी. धिप्पाड माणूस, लाजाळू. "सांगितलं होतं ना मॅडम. गाडी चालवताना मधेच डोळ्यांपुढे अंधारी येते. क्षणभर. तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा म्हटलं, मग काही विशेष नसणार."

काही विशेष नसणार! माझ्या गप्प बसण्याचा त्याने अर्थ लावला आणि निर्धास्त होऊन बस चालवत राहिला. माणसांनी भरलेली बस. ईसीजी काढला तर हृदयाचे ठोके मधेच अडखळतायत. तिथूनच गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात पाठवला. तो जाताना दारात वळून काहीतरी म्हणाला. मी उठून दारापर्यंत गेले, त्याच्या तोंडासमोर उभी राहिले, पुन्हा म्हणायला लावलं. "बसची किल्ली कुणाकडे देऊ?" म्हणत होता.

 लिहिताना अक्षर बघ कसं आलंय.

२६ मार्च, गुरुवार

साहेबांना सांगितलं. 'मिशी बाजूला करून बोला,' असं मी त्यांनाच म्हणाले! घाबरलेल्या माणसाला काहीही सुचतं. त्यांनी कागदावर लिहून विचारलं — 'आधी का नाही सांगितलंत?' मी म्हणाले, तुम्ही ठेवलं असतं? त्यांनी पेन हातात धरलं, काही लिहिलं नाही. प्रामाणिक माणूस आहे तसा.

कानांची व्यवस्था होऊन कानाच्या डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत खोली बंद. व्याख्यान रद्द. पुढे खोली परत मिळेल का, यावर 'बघू'. 'बघू' मात्र ओठांवर अगदी स्वच्छ दिसतं.

बातमी सगळीकडे झाली असणार. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने आज मला हातवारे करून पैसे सांगितले.

३० मार्च, सोमवार

कानाच्या डॉक्टरांनी यंत्रं बसवली, दोन्ही कानांत. त्या माझ्याहून लहान आहेत आणि अजिबात दयाळू नाहीत, बरं वाटलं. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर उजवा अजून चांगला राहिला असता. तुम्ही डॉक्टर ना?" कान उपटले म्हणायचे!

पहिला तास शिक्षा आहे. कागद ओरडतो. चपला ओरडतात. स्वतःचं गिळणं ऐकू येतं. घरी येऊन दाखल्याच्या अर्जाचा मजकूर टाईप करायला बसले आणि दचकून हात मागे घेतले — इतका आवाज करते मी? बटणं दाबत नाही, बडवते! माझ्या पेशंटनी माझ्या पाठीशी बोलताना हे ऐकलं असणार. खट् खट् खट्. त्यांना वाटलं असणार, बाई कामात आहेत, जाऊ दे.

जाऊ दे.

२ एप्रिल, गुरुवार

संवेदना घरी आली. तिच्या सरांनी माझ्या सगळ्या पट्ट्या अभ्यासातून बाद करायला सांगितल्या. 'हा डॉक्टर नमुना म्हणून चालणार नाही.' ती भांडून आली आहे. मी म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, मी काही आवडीने बघत नव्हते, गरज होती म्हणून बघत होते.

तर ती फटकन म्हणाली, "पेशंटला कुठे माहीत होतं?"

मी विचार करते आहे त्यावर.  नवऱ्याने तिला जेवायला थांबवून घेतलं आणि सेन्सर कसे चालतात ते विचारून विचारून पिडलं. मी टेबलाशी बसून दोघांचं बोलणं ऐकलं. एकमेकांत चाललेलं, माझ्याशी संबंध नसलेलं. असं ऐकून किती दिवस झाले होते!

७ एप्रिल, मंगळवार

शिवणवाल्या बाईंचा पत्ता नाही. सिस्टर त्यांच्या गल्लीत जाऊन आली. दुकानाला कुलूप. शेजारी म्हणतो, बहिणीकडे गेल्या असतील. 'असतील' म्हणजे काय? औषधाची चिठ्ठी संपून दोन आठवडे झाले, नवी नेलेली नाही. या बाईने आजवर एक गोळी चुकवलेली नाही.

बाकी सगळ्यांचं कळलं. यांचं तेवढं राहिलं. हत्ती गेला, शेपूट राहिलं म्हणतात. इथे शेपूट गेलं आणि हत्ती राहिला. डोळे मिटले की तो हिरवा तुकडा दिसतो. बोलताना थांबल्या असतील, वाट पाहिली असेल. पुन्हा बोलल्या असतील. मी बटणं बडवत होते.

ड्रायव्हरचं कळलं, छातीत छोटं यंत्र बसवलं. बरा आहे. बस चालवणं सुटलं, पण कारखान्याच्या गोदामात काम मिळालंय. बायकोने निरोप पाठवला, 'मॅडमनी परत बोलावलं म्हणून.' मला तो निरोप घेववेना.

१३ एप्रिल, सोमवार

खोली परत मिळाली! तीन महिन्यांसाठी, मग पुन्हा तपासणी. चालेल.

सकाळी लवकर जाऊन सिस्टर आणि मी टेबल ओढलं. आता दार माझ्या डोळ्यांसमोर. तारा पुरेनात, भिंतीला लोंबतायत, साहेब नाक मुरडून गेले. काळी पट्टी आणि डबी संवेदनाने काढून नेली. पहिला पेशंट आत आला आणि मी म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. कानात यंत्र आहे. मला कळलं नाही तर पुन्हा सांगा, रागावू नका."  तो म्हणाला, "बरं. माझी टाच दुखते."

इतकंच!

१६ एप्रिल, गुरुवार

शिवणवाल्या बाई आल्या. धडधाकट! प्रेशर मात्र आभाळाला भिडलेलं. मी दार लावून घेतलं, विचारलं, त्या दिवशी दारात काय म्हणालात?  पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या —

"हेच की मॅडम, एकदा कान दाखवून घ्या. बाहेर बाकावर आम्ही नव्या माणसाला सांगतोच, समोर तोंड करून बसा, सावकाश बोला. वर्ष-दीड वर्ष सांगतोय. पण म्हटलं, तुम्हालाही कुणीतरी सांगायला हवं. धीर करून बोलले. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. वाटलं, दुखावलं मी तुम्हाला. मग कुठल्या तोंडाने यायचं, म्हणून आलेच नाही."